मातीचा बालेकिल्ला

१८४३ साली मुंबई सरकारचा जॉर्ज क्लार्क नावाचा एक इंजिनिअर भांडुपला गेला होता. मुंबई ठाण्या-कल्याणाशी आणि पुढे थळ व बोर घाटांशी आगगाडीने जोडावी, ही कल्पना त्याला तिथे सुचली, असे आपल्या रेल्वेच्या इतिहासात सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली तेव्हा मात्र तो मायदेशी परतलेला होता. रूळ टाकण्याचे काम जेम्स बर्कले या दुसऱ्या इंजिनिअरने तडीस नेले. आपल्या पुस्तकांत क्लार्कची गोष्ट इथेच संपते. तिचा उरलेला भाग ब्रिटनमध्ये घडला. दक्षिण वेल्समधल्या डाउलेसचा प्रचंड लोखंड कारखाना सांभाळत असताना हा माणूस जुने किल्ले मोजत हिंडला, त्यांचे नकाशे काढत राहिला, आणि १८८४ मध्ये इंग्लंडच्या मध्ययुगीन लष्करी वास्तूंवर त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. तिथल्या दुर्गशास्त्राचा पाया त्याने घातला, असे मानतात.

या पायातच एक मोठी चूक होती, आणि ती मातीच्या टेकाडांविषयी होती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सहाशेहून अधिक ठिकाणी माणसांनी रचलेली गोल, वर सपाट, तीव्र उताराची टेकाडे उभी आहेत. कुठे चर्चच्या मागे, कुठे बाजारपेठेच्या मधोमध, कुठे मेंढ्या चरणाऱ्या कुरणात. टेकाडाला लागून बहुतेक ठिकाणी एक बुटके, बांधाने वेढलेले आवार असते. दोन्हींभोवती खंदक. टेकाड म्हणजे मॉट आणि आवार म्हणजे बेली. आपल्या मराठी मनाला हे समजायला अवघड जाऊ नये. वर बालेकिल्ला, खाली माची. फरक इतकाच की सह्याद्रीने आपल्याला डोंगर आयता दिला आणि नॉर्मन सरदारांनी तो माणसे लावून घडवला. माथ्यावर लाकडी बुरूज, कडेने उभे सोट ठोकून केलेला मेढेकोट, खालच्या माचीत घरे, कोठारे, पागा, आणि दोहोंमध्ये खंदकावरून चढत जाणारा लाकडी पूल. लाकूड कुजले, जळले, कुणी सरपणाला नेले. माती राहिली.

ही टेकाडे कुणाची? क्लार्कचे उत्तर होते: नॉर्मनांच्या आधीच्या सॅक्सन लोकांची. दहाव्या शतकाच्या आरंभी राजा एडवर्ड आणि त्याची बहीण एथेलफ्लेड यांनी डेन लोकांविरुद्ध गावोगाव कोट बांधले, अशा नोंदी जुन्या बखरींत आहेत. त्यांतल्या कित्येक गावांत आज टेकाडे दिसतात, तेव्हा ते कोट म्हणजेच ही टेकाडे, असा त्याचा ताळा. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. ग्रंथाचा दरारा एवढा होता की पुढे बराच काळ बहुतेकांनी तो मानला.

तो खोडून काढण्यात मोठा वाटा एका बाईचा होता. एला आर्मिटेज १८४१ मध्ये जन्मली. केंब्रिजला स्त्रियांसाठी न्यूनहॅम कॉलेज सुरू झाले तेव्हा १८७१ च्या पहिल्या पाच विद्यार्थिनींत ती होती. पुढे एका धर्मोपदेशकाशी लग्न, संसार, गावच्या शाळामंडळाचे काम, आणि हे सगळे करता करता यॉर्कशरमधल्या मातीच्या बांधांचा अभ्यास. १९०० मध्ये तिने क्लार्कच्या मताविरुद्ध लेख लिहिला आणि १९१२ मध्ये ब्रिटिश बेटांवरच्या सुरुवातीच्या नॉर्मन किल्ल्यांवर ग्रंथ. तिचा युक्तिवाद मला अजूनही वाचावासा वाटतो, कारण त्यात जमीन आणि कागद एकमेकांना तपासतात. सॅक्सन कोट अख्ख्या गावासाठी असत, त्यांच्या आत लोकवस्ती मावे. हे टेकाड मात्र एका धन्याचे. त्याच्या माथ्यावर एक घर आणि मूठभर शिबंदी मावते, गाव मावत नाही. ज्याला आपल्याच मुलखातल्या लोकांपासून स्वतःला वाचवायचे आहे, त्याला असा किल्ला लागतो. १०६६ नंतर इंग्लंडात आलेले नॉर्मन नेमके याच अवस्थेत होते. मग तिने एकेक जागा घेऊन दाखवले की कागदोपत्री नॉर्मन किल्ल्याची नोंद जिथे आहे तिथे टेकाड आहे, आणि सॅक्सन कोटांच्या कित्येक जागी ते नाहीच. जे. होरेस राउंड या इतिहासकारानेही याच बाजूने लिहिले. क्लार्क १८९८ मध्ये गेलेला होता, त्यामुळे त्याचे उत्तर आपल्याला मिळत नाही. सेव्हर्न नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या टेकाडांवर त्याने स्वतंत्र लेख लिहिला होता आणि त्याची मोजमापे चोख होती. चुकला तो काळ ठरवण्यात.

आर्मिटेजबाईंचा निष्कर्ष टिकला, तरी एखादे टेकाड अजूनही चकवते. विल्टशरमधल्या मार्लबरो इथले सुमारे १९ मीटर उंचीचे टेकाड नॉर्मन किल्ल्याचे म्हणून प्रसिद्ध होते. २०१० मध्ये त्यात नळ्या घालून आतली माती आणि कोळसा काढून तपासला तेव्हा ते इसवी सनापूर्वी सुमारे २४०० चे निघाले. नॉर्मनांना ते आयते मिळाले होते. त्यांनी माथ्यावर फक्त किल्ला चढवला.

हे काम कसे चालत असे, याचे चित्र फ्रान्समधल्या बायो शहरी जपलेल्या भरतकामात आहे. सुमारे ७० मीटर लांबीची लिननची पट्टी, तीवर रंगीत लोकरीने १०६६ च्या स्वारीची कथा टाचलेली. नॉर्मनांचा नेता विल्यम याचे सैन्य हेस्टिंग्जला पोचल्यावर किल्ल्याचे काम सुरू होते. हातात निशाण घेतलेला एक सरदार हुकूम देतो आहे, मजूर फावडी घेऊन भिडले आहेत आणि टेकाड वर चढते आहे. भरतकाम करणारीने ते टेकाड एकसलग रंगवलेले नाही. आडव्या रंगीत पट्ट्यांनी भरले आहे. पुष्कळ अभ्यासक त्यात मातीचे थर पाहतात, आणि खरोखरच उत्खननांत अशी टेकाडे थराथराने रचलेली सापडली आहेत. त्याच दृश्यात दोन मजूर फावडी उगारून एकमेकांच्या डोक्यात घालताहेत. का, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. सक्तीने राबवलेल्या माणसांच्या जमावात असे भांडण जुंपणे नवल नाही, आणि ज्या हातांनी ते टाचले त्यांनी ते पाहिलेले असावे, असे मला वाटते. त्या आधीच्या दृश्यांत ब्रिटनी प्रांतातला दिनाँचा किल्ला आहे. दोन सैनिक मेढेकोटाला पलिते लावत आहेत आणि आतला सरदार कॉनन भाल्याच्या टोकावर किल्ल्या अडकवून शरण येतो आहे. लाकडी किल्ल्याचे बळ आणि त्याची भीती, दोन्ही त्या एका चौकटीत आहेत.

विल्यमच्या माणसांना घाई होती. यॉर्क शहरातला दुसरा किल्ला १०६९ मध्ये आठ दिवसांत उभा राहिला, असे तत्कालीन इतिहासकार सांगतो. जागा हवी म्हणून घरे पाडली गेली. १०८६ च्या डोम्सडे मोजणीवहीत श्रूजबरी शहराचे लोक गाऱ्हाणे मांडतात, की अर्लच्या किल्ल्याखाली ५१ घरांच्या जागा गेल्या, तरी कर मात्र पूर्वीइतकाच मागतात. मातीच्या किल्ल्याविषयी बोलताना आपण खंदकाची खोली सांगतो. या ५१ घरांविषयीही बोलले पाहिजे.

श्रूजबरीचा तो अर्ल म्हणजे रॉजर द माँटगोमरी. विल्यमचा जवळचा सरदार. वेल्सच्या सरहद्दीवरचा हा मुलूख त्याच्याकडे आला. १०७० ते १०७४ च्या दरम्यान त्याने सेव्हर्नच्या खोऱ्यात, नदीच्या एका उतारावर नजर ठेवायला पुढचे ठाणे उभारले आणि नॉर्मंडीतल्या आपल्या गावाचे नाव त्याला दिले. पुढे ते नाव शेजारच्या शहराला आणि अख्ख्या परगण्याला लागले. मूळ ठाण्याला मात्र आज वेल्श भाषेत हेन डोमेन, म्हणजे जुने टेकाड, एवढेच म्हणतात. मध्ययुगीन लाकडी किल्ल्याविषयी जगाला आज जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग या एका टेकाडातून आला.

जागा पाहिली की रॉजरचा हिशेब कळतो. सेव्हर्न इथे वेल्सच्या डोंगरांतून बाहेर पडून सपाटीला लागते. वेल्समधून इंग्लंडात उतरायचे तर सोयीची वाट या उतारावरून. म्हणून इथे प्रत्येक काळाने आपला कोट बांधून ठेवला आहे. पुढे तेराव्या शतकात शेजारी बांधलेल्या दगडी माँटगोमरी किल्ल्यालगतच्या उंचवट्यावर फ्रिद फाल्दविन हा लोहयुगातला डोंगरी कोट आहे. नदीकाठी फॉर्डन इथे रोमन ठाणे. पूर्वेला दोनेक किलोमीटरवरून आठव्या शतकातल्या ऑफा राजाचा लांबच लांब बांध जातो. या सगळ्यांच्या मधे हेन डोमेन. दगडी किल्ल्याच्या टोकावर उभे राहून उत्तर-वायव्येला पाहिले, की दीड किलोमीटरवर झाडांचा एक गोल पुंजका दिसतो. न सांगता कुणाचे लक्ष जाणार नाही. जवळ गेल्यावर कळते की ती झाडे सुमारे आठ मीटर उंचीच्या टेकाडावर उगवली आहेत. शेजारची माची गवताची, जेमतेम एकराची. भोवती एक सोडून दोन खंदक आणि दोन बांध. दुहेरी तटबंदीचा हा पसारा एवढ्याशा माचीला विजोड वाटतो. रॉजरला भीती किती होती, ते त्यावरून समजते.

डोम्सडे वहीत या परिसराची नोंद आहे. अर्लने स्वतः माँटगोमरी नावाचा किल्ला बांधला, असे ती सांगते; आणि पुढे, की इथली साडेबावन्न हाइड जमीन सेवार, ओस्लाक आणि आझोर या तीन सॅक्सन सरदारांकडे शिकारीसाठी होती, ती ओसाड होती. हाइड हे करआकारणीचे माप. एवढ्या जमिनीवर एरवी कित्येक गावे नांदली असती. ती ओसाड का पडली? १०३९ मध्ये याच भागात सेव्हर्नच्या एका उतारावर वेल्श राजा ग्रिफिद अप लिवेलिनने इंग्लिश सैन्याचा पराभव केला होता, आणि पुढची दोन-अडीच दशके ही सरहद्द धगधगत होती. ओसाडीचे कारण त्यात शोधतात.

या ओसाडीचा पुरावा जमिनीत सापडेल, असे मात्र कुणाला वाटले नव्हते.

१९६० मध्ये फिलिप बार्कर इथे खणायला आला. श्रूजबरीच्या शाळेतला हा चित्रकलेचा शिक्षक. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. पुढे रॉबर्ट हायम त्याच्या जोडीला आला. दर उन्हाळ्यात विद्यार्थी आणि हौशी माणसे घेऊन हे काम १९९२ पर्यंत चालले. एका छोट्या माचीसाठी तीन दशकांहून जास्त काळ, आणि तरी तिचा साधारण अर्धाच भाग उकलला गेला. बार्करने इथे आणि शेजारच्या रॉक्सेटर या रोमन नगरात जी पद्धत घडवली, तिचे १९७७ मध्ये पुस्तक झाले आणि उत्खनन शिकणाऱ्या पिढ्यांनी ते वापरले.

पद्धत सांगायला सोपी, करायला फार कठीण. त्या काळी बरेच जण अरुंद चर खणून तिच्या भिंतीतले थर वाचत. दगडी भिंत चरीत सापडते, लाकडी घर सापडत नाही. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या तुळईवर उभे केलेले घर कुजले, की मागे खड्डासुद्धा राहत नाही. राहते ती मातीच्या रंगात पडलेली किंचित छटा, गोट्यांच्या फरशीची सरळ तुटलेली कड, पागोळ्यांनी उमटवलेली बारीक रेघ, दारापाशी पायांनी झिजलेली जागा. यांतले एकही चिन्ह एकट्याने काही सांगत नाही. म्हणून बार्कर सगळे क्षेत्र एकदम उघडी, आडवे एका पातळीवर थापीने तासत नेई, ब्रशने झाडी, दगडन्‌दगड नकाशावर काढी, फोटो घेई आणि मगच पुढचा पातळ थर. माती फार सुकली तर छटा पुसट होतात, चिखल झाला तर एकमेकींत मिसळतात. ओलसर अवस्थेतच ती वाचता येते. चित्रकाराची नजर इथे कामाला आली, यात मला शंका नाही. रंगातला एवढासा फरक दिसण्यासाठी डोळा आधी तयार लागतो.

अशा उकलीतून जे पुढे आले, त्याने जुनी समजूत मोडली. लाकडी किल्ला म्हणजे घाईत उभारलेले तात्पुरते ठाणे, दगडी किल्ला बांधायला पैसे जमेपर्यंतची सोय, असे बहुतेकांना वाटे. हेन डोमेनच्या माचीत इमारतींची दाटी होती. रॉजर आणि त्याच्या मुलांच्या काळात, म्हणजे १०७० ते ११०२ च्या दरम्यान, मोठी, जाड सोटांची बांधणी. टेकाडाच्या पायथ्याशी एक भव्य इमारत, तिथून खंदक ओलांडणारा भरभक्कम पूल. त्या पुलाच्या खालच्या, पाण्यात राहिलेल्या भागामुळे तो कसा उभारला आणि पुन्हा पुन्हा कसा बदलला हे कळू शकले. बाराव्या शतकात घरे लहान झाली, पण संख्येने वाढली. एकाला लागून एक, मधे अरुंद बोळ, तटाला टेकलेल्या खोल्या. एका इमारतीचे एक टोक अर्धगोल आहे. ते प्रार्थनामंदिर असावे. दुसरी धान्याचे कोठार असावी. तटावर लाकडी बुरूज, आणि मेढेकोट चिखलाने लिंपलेला असण्याची शक्यता. पलित्यांना तेच उत्तर. आत उभ्या माणसाला सगळीकडे भिंतीच दिसत असणार, आकाश फार थोडे. घरे जुनी झाली की पाडून त्याच जागी नवी उठत, आणि असे दीडशे वर्षे चालले. दीडशे वर्षे टिकलेल्या वस्तीला तात्पुरती कोण म्हणेल?

वस्तू मात्र फार थोड्या निघाल्या. खापरे, लोखंडी खिळे, बाणांची टोके, अशा किरकोळ चिजा. तिथली माती आंबट असल्याने हाडेही नीट टिकत नाहीत. पण तेवढेच कारण पुरत नाही. नॉर्मन सरहद्दीवरचा हा सरदार आणि त्याची माणसे फार साध्या, कठोर परिस्थितीत राहत होती, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. चित्रपटांतल्या मेजवान्या, रेशमी पडदे, सोन्याचे पेले यांना इथे जागा नाही. मला हा निष्कर्ष सगळ्या बुरुजांपेक्षा मोलाचा वाटतो. भिंती किती जाड होत्या हे कळणे सोपे. आतल्या माणसाच्या ताटात काय होते आणि काय नव्हते हे कळायला तीस उन्हाळे लागले.

आणि मग किल्ल्याखाली शेत सापडले. तटबंदीची माती दूर करून मूळ जमिनीपर्यंत पोचल्यावर तिथे नांगरटीच्या खुणा होत्या. समांतर चढउतार, आपले शेतकरी ज्याला सरी-वरंबे म्हणतील तसे. तट १०७० नंतर लगेचचा, म्हणजे शेत त्याच्याआधीचे. ब्रिटनमध्ये एवढ्या नेमक्या काळाची इतकी जुनी नांगरट फार कमी ठिकाणी मिळाली आहे. मातीतल्या परागकणांवरून दिसले, की किल्ला येण्याआधी ते शेत पडीक पडून त्यात झाडोरा वाढला होता. डोम्सडे वहीतला तो ओसाड शब्द इथे प्रत्यक्ष हाताला लागला. ज्याने हे शेत नांगरले त्याचे नाव कुठे नाही. सेवार, ओस्लाक, आझोर यांची आहेत, कारण ते शिकार करत. पण नांगरधऱ्याची रेघ रॉजरच्या तटाने झाकली आणि झाकली म्हणूनच ती जपली गेली. बार्कर आणि त्याच्या एका सहकाऱ्याने १९७१ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी बार्करच्या पुढाकाराने रेस्क्यू ही संस्था उभी राहिली. रस्ते, इमारती, खोल नांगरणी यांखाली वारसा झपाट्याने नष्ट होत होता, त्याविरुद्ध. तिच्या बोधचिन्हात बुलडोझरच्या सुपात उचललेले स्टोनहेंज आहे.

किल्ल्याची राजकीय हकीकत थोडक्यात सांगता येते. रॉजर १०९४ मध्ये, स्वतः स्थापलेल्या श्रूजबरीच्या मठात, संन्यासी म्हणून मरण पावला. वर्षभरातच वेल्श सैन्य माँटगोमरीच्या किल्ल्यात घुसले आणि आतली शिबंदी कापून काढली. राजा विल्यम रूफस सूड घ्यायला स्नोडनच्या डोंगरांपर्यंत गेला. वेल्श लोक रानावनात पसरले आणि राजा हात हलवत परतला. रॉजरचा मुलगा ह्यू १०९८ मध्ये अँगलसी बेटावर नॉर्वेच्या राजाशी लढताना बाणाने मेला. दुसरा मुलगा रॉबर्ट ११०२ मध्ये नव्या राजाविरुद्ध उठला आणि सगळे गमावून बसला. किल्ला बोल्डविन द बुलर्सकडे आला. वेल्श लोक आजही शहराला त्याच्याच नावाने, त्रेफाल्दविन म्हणजे बोल्डविनचे गाव, म्हणतात. बुलर्स घराणे तेराव्या शतकाच्या आरंभी निपुत्रिक झाले. १२२३ मध्ये कोवळ्या वयाच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने दीड किलोमीटरवरच्या खडकावर दगडी किल्ला सुरू झाला, आणि हेन डोमेन त्याची पुढची चौकी म्हणून उरले. साधारण १३०० पर्यंत तिथे माणसे होती. मधे २९ सप्टेंबर १२६७ रोजी याच नदीउतारावर तिसऱ्या हेन्रीने लिवेलिन अप ग्रिफिदला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून मान्यता दिली, पोपच्या वकिलासमोर. दगडी किल्ला १६४९ मध्ये संसदेच्या हुकुमाने पाडला गेला. आज तिथे भिंतींची टोके उभी आहेत. रॉजरची माती त्याहून बरीच शाबूत आहे.

या इतिहासाचा एक साक्षीदार सांगायचा राहिला. ऑर्डरिक व्हिटालिस १०७५ मध्ये श्रूजबरीजवळ जन्मला. बाप रॉजरच्या पदरी धर्मगुरू, आई इंग्लिश. दहा वर्षांच्या पोराला बापाने समुद्रापार नॉर्मंडीतल्या सँ-एव्रूच्या मठात पाठवले, आणि तो जन्मभर तिथेच राहून आपल्या काळाचा इतिहास लिहीत राहिला. इंग्लिश लोक शूर असूनही नॉर्मनांपुढे का टिकले नाहीत, याचे कारण तो देतो: नॉर्मन ज्यांना किल्ले म्हणतात, तसे इंग्लंडात फारच थोडे होते. आईच्या लोकांच्या पराभवाचे एवढे नेमके निदान करणाऱ्या या माणसाच्या लहानपणी श्रूजबरीचे टेकाड डोळ्यांसमोर होते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

हेन डोमेनपासून आठ-नऊ किलोमीटर उत्तरेला पॉविस किल्ला आहे. लाल दगडाचा, शाबूत, बागांनी सजलेला. त्यात रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याच्या मुलाने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूसुद्धा. हाच रॉबर्ट क्लाइव्ह फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर उतरला होता. ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी समुद्रातून मारा केला, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व क्लाइव्हकडे होते. पुढे श्रूजबरीकरांनी त्याला संसदेवर निवडून दिले आणि मरेपर्यंत तो तिथला सभासद होता. मराठी माणूस या सरहद्दीवर आला तर त्याची पावले पॉविसकडे वळणार, आणि वळावीत. जे आपल्याकडून गेले ते पाहायलाच हवे. पण दिवसाचा उरलेला भाग हेन डोमेनसाठी ठेवावा असे मी सांगेन. परक्या मुलखात उतरलेला मूठभर लोकांचा जथा आधी काय बांधतो, कशाच्या भीतीने बांधतो आणि कुणाच्या शेतावर बांधतो, हे त्या टेकाडाइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेले नाही.

टेकाड शेताच्या खासगी जमिनीत आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. फलक, तिकीट, दुकान यांतले काही नाही. संरक्षित असले तरी धोका संपत नाही. मातीच्या स्मारकाला मुळे पोखरतात, ससे आणि बॅजर बिळे करतात, मेंढ्यांच्या खुरांनी उतार सुटतो, वादळात झाड पडले की त्याच्या मुळांबरोबर बाराव्या शतकाचा एक तुकडा वर येतो. दगड ढासळला तर तो पुन्हा बसवता येतो. विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही. म्हणून झाडे ठेवावीत की काढावीत, कुरणात मेंढ्या किती सोडाव्यात, हे प्रश्न अशा जागी बुरुजाच्या डागडुजीइतकेच महत्त्वाचे ठरतात. त्यासाठी शेतकऱ्याशी जमवून घ्यावे लागते.

उत्खननाचा अंतिम अहवाल २००० मध्ये निघाला. बार्कर पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, गेला. माचीचा न खणलेला भाग गवताखाली तसाच आहे. बार्करच्या तरुणपणी नसलेली साधने आता हाताशी आहेत. विमानातून लेसर सोडून झाडांखालच्या जमिनीचा नकाशा काढता येतो, चिमूटभर मातीच्या रासायनिक तपासणीवरून जनावरे कुठे बांधली आणि चूल कुठे होती याचा माग लागू शकतो. नांगरटीच्या त्या सऱ्या या भागाखालीही गेलेल्या असणार. तिथे पहिली थापी कधी आणि कुणी लावायची, हे पुढच्या पिढीने ठरवायचे आहे.